पसारा, बोहारीण आणि सोसायटीचं गेट

दिवाळी जवळ आली की मोबाईलवर पसारा आवरायचे धडे सुरू होतात. सहा महिन्यांत वापरली नाही ती वस्तू काढून टाका म्हणे. आमचा चकलीचा सोऱ्या वर्षातून एकदा निघतो. टाकू?

वस्तूंचा मोह सोडा, असं सगळे सांगतात. मला ते पटत नाही. आमच्या आया-आज्याही काही टाकत नसत, पण वस्तूंना घराबाहेर जायला वाटा होत्या. लहान झालेला फ्रॉक मामेबहिणीकडे जायचा, रद्दी महिनाअखेरीला तराजूवर चढायची. आणि दुपारी बोहारीण यायची! जुने कपडे घेऊन नवं स्टीलचं भांडं देणारी. मुंबईत हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजातल्या बायका करत आल्यात. ती पॅन्ट उजेडात धरून बघायची, शिवण ओढायची, विरलेली चादर बाजूला सारायची. "एवढ्यात पातेलं नाही येत, ताई, अजून एक साडी टाका." आई उठून कपाट उघडायची आणि एरवी वर्षभर हात लागला नसता अशी साडी पाच मिनिटांत बाहेर यायची. कपडे धुऊन, दुरुस्त करून पुन्हा बाजारात विकले जायचे. घरात आलेल्या पातेल्याने पसारा वाढायचा, हे कबूल. पण गाठोडं जाऊन पातेलं येणं हा सौदा काही वाईट नव्हता.

आता तिला गेटवरच अडवतात. डिलिव्हरीवाले मात्र दिवसभर आत येतात. म्हणजे सामान आत यायला दार सताड उघडं आणि बाहेर जायला बंद. मग आपण काय करतो? पसारा ठेवायला ऑनलाइन प्लास्टिकचे खोके मागवतो!

भांड्यांचं आणखी वेगळं. लग्नातल्या डब्यावर 'सप्रेम भेट' आणि खाली देणाऱ्या मावशीचं नाव कोरलेलं. मावशी हयात असताना तो डबा मोडीत घालून दाखवा कोणीतरी. आमच्या घरात हसतखेळत बाहेर जाणारी एकच वस्तू आहे, श्रीखंडाचा रिकामा डबा. कारण तो कोणी परत मागत नाही.

प्रवासातही हाच स्वभाव. रेल्वेच्या स्लीपरमध्ये माणशी ४० किलो सामान फुकट नेता येतं, म्हणून 'असू दे बरोबर' करत बर्थखाली पाय ठेवायला जागा उरत नाही. विमानात बहुतेक कंपन्या देशांतर्गत इकॉनॉमीला १५ किलो देतात. तिथे काउंटरवर काटा १८ दाखवतो आणि आपण रांगेसमोर बॅग उघडून बसतो. वर पॉवरबँक चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, तीही हुडकायची. पण गंमत बघा, तीन किलो निघतात! जादा स्वेटर, दुसरी चप्पल, भाजणीची एक पिशवी सोडायला आलेल्या भावाच्या हातात जाते. तो परत घेऊन जातो म्हणून तर सुटते. त्याच्या जागी कचऱ्याचा डबा असता तर मी जादा वजनाचे पैसे भरले असते.

म्हणून सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी सुचवलं, महिन्यातून एका दुपारी बोहारणीला आत येऊ द्या, खाली पार्किंगमध्ये बसेल. सेक्रेटरी म्हणाले, "पोलीस व्हेरिफिकेशन झालंय का तिचं?" विषय पुढच्या मीटिंगवर गेलाय. तोवर कपड्यांची दोन गाठोडी दिवाणात आहेत.