समेवर आली ती फक्त मान

गवई तान घेतायत. हात वर जातो, भुवया ताणल्या जातात, समेवर मान पडते आणि पहिल्या रांगेतले काका हवेत हात उडवून दाद देतात. लाल पट्टी पुढे सरकते आहे, आवाजाचा काटा शंभरावर आहे, पण खोलीत पंख्याशिवाय कुणाचाच आवाज नाही. लिनक्सवर ब्राउझरचा आवाज गेला की अख्ख्या मैफलीचा असा मूकपट होतो.

यावर घरोघरी होणारा पहिला उपचार म्हणजे ब्राउझर काढून पुन्हा टाकणं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि तीही अर्धवट. कारण ब्राउझर काढला तरी त्याचं प्रोफाइल, म्हणजे तुमच्या सेटिंग्ज आणि एक्स्टेंशनं, सहसा होम फोल्डरमध्ये तसंच राहतं. बिघाड तिथे असेल तर नवा ब्राउझर आल्या आल्या तो अंगाला लावून घेतो. दुसरा उपचार म्हणजे अख्खी सिस्टीम नव्यानं टाकणं. त्यानं आवाज कधीकधी येतोही, फक्त मग वायफाय जातं.

माझं म्हणणं एवढंच, की आवाज बहुतेक वेळा मेलेला नसतो, तो भलत्याच दाराशी जाऊन उभा राहिलेला असतो. तो कुठपर्यंत पोचला हे आधी बघावं आणि मगच हत्यारं काढावीत. (पुढच्या आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत, पण टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. टर्मिनलला मराठी येत नाही.)

सुरुवात टॅबपासून. फायरफॉक्समध्ये कंट्रोल-एम दाबलं की चालू टॅब गप्प होतो, आणि नवी खिडकी उघडणारं कंट्रोल-एन त्याच्या अगदी शेजारी आहे. बोट जरा घसरलं की काम झालं. यूट्यूबवर तर कंट्रोलही लागत नाही, नुसतं एम पुरतं. क्रोमचं वागणं आणखी पक्कं: टॅबवर उजवं क्लिक करून ‘म्यूट साइट’ म्हटलंत तर तो टॅब नव्हे, ती साइटच गप्प होते आणि उद्याही गप्पच राहते. कुठल्या तरी जाहिरातीवर चिडून गेल्या आठवड्यात केलेली ही शिक्षा आज कोण लक्षात ठेवणार?

म्हणून टॅबवरच्या त्या इवल्याशा स्पीकरच्या चिन्हाकडे बघावं. चिन्ह आहे आणि त्यावर आडवी रेघ नाही, तर ब्राउझर आपल्या बाजूनं गातो आहे, बिघाड पुढे कुठेतरी आहे. चिन्हच नाही, तर पानातून आवाज निघतच नाही. २०१८ मध्ये क्रोम ६६ नं आणि २०१९ मध्ये फायरफॉक्स ६६ नं आपणहून किंचाळणाऱ्या व्हिडिओंना लगाम घातला. उपकारच झाले, पण त्या लगामात कधीकधी सभ्य साइटही सापडतात. फायरफॉक्समध्ये अशा वेळी पत्त्याच्या पट्टीत डावीकडे ऑटोप्ले अडवल्याचं चिन्ह दिसतं. त्यावर क्लिक करून त्या साइटपुरती परवानगी द्यायची.

आता ब्राउझर बाजूला ठेवून टर्मिनलमध्ये ‘स्पीकर-टेस्ट -सी २ -टी वेव्ह’ (speaker-test -c 2 -t wav) द्यावं. एक बाई आधी डावीकडून ‘फ्रंट लेफ्ट’ आणि मग उजवीकडून ‘फ्रंट राइट’ म्हणते. तिला थांबवायला कंट्रोल-सी लागतं, एरवी ती थकत नाही. बाई ऐकू आल्या तर दुखणं ब्राउझरचं, नाही आल्या तर साऱ्या मशीनचं. अर्ध्या मिनिटात निम्मे संशयित सुटतात. तरीही ही पायरी सगळे गाळतात आणि थेट कॉन्फिगरेशनच्या फायली उसवायला बसतात.

पुढचं समजायला थोडी वंशावळ लागते. सगळ्यात खाली कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, अल्सा बसलेली आहे. साउंड कार्डाशी प्रत्यक्ष बोलणं तिचं काम. कर्नल २.६ पासून, म्हणजे २००३ च्या डिसेंबरपासून, हा कारभार रीतसर तिच्याकडे आला. तिच्या वर २००४ मध्ये लेनार्ट पॉटरिंग यांनी सुरू केलेला पल्सऑडिओ. दहा प्रोग्रॅमचे आवाज एकत्र मिसळून खाली पाठवणं हे त्याचं काम. २००७ च्या फेडोरा ८ आणि २००८ च्या उबुंटू ८.०४ या लिनक्स वितरणांमधून तो सगळ्यांच्या घरात शिरला आणि पुढची काही वर्षं लोकांनी त्याच्या नावानं मनसोक्त बोटं मोडली. बोटं मोडणाऱ्यांपैकी बरेच जण नुसत्या अल्सावर सुखात होते. २०१७ च्या फायरफॉक्स ५२ नं अल्साशी परस्पर बोलणं बंद केलं, तेव्हा त्यांचाही मूकपट झाला.

मग पल्सऑडिओचंच काम करणारा, विम टायमन्स यांचा पाइपवायर आला. फेडोरा ३४ नं २०२१ मध्ये आणि उबुंटू २२.१० नं २०२२ मध्ये आवाज त्याच्या हाती दिला. यातली गंमत अशी, की ब्राउझरला याची खबरच नाही, तो अजून पल्सऑडिओलाच हाक मारतो. ‘पीएसीटीएल इन्फो’ (pactl info) विचारा, सर्व्हरच्या नावापुढे ‘पल्सऑडिओ (ऑन पाइपवायर)’ असं उत्तर येतं. नव्या भाडेकरूनं दारावरची जुनी पाटी तशीच ठेवली, कारण पोस्टमनला तेवढीच ओळखीची. जुना भाडेकरू खरोखर गेला असेल तर हे छान चालतं. अपग्रेडच्या घोळात पल्सऑडिओ आणि पाइपवायर-पल्स (पल्सऑडिओच्या नावाला ओ देणारा पाइपवायरचा भाग) दोघेही चालू राहिले, तर मात्र एका कार्डावर दोघांची ओढाताण होते. तेव्हा कुणातरी एकाला नारळ द्यावा.

हाताशी ठेवावं असं एकच साधन निवडायचं तर मी पाव्हूकंट्रोल (pavucontrol) निवडेन. कुठला आवाज कुठे चालला आहे ते त्यात दिसतं. डेस्कटॉपच्या सेटिंग्ज गोंडस असतात, पण पोटातलं सगळं सांगत नाहीत. पाव्हूकंट्रोल उघडायचं ते व्हिडिओ चालू ठेवून, कारण ‘प्लेबॅक’ या पहिल्या पानावर फक्त चालू असलेले प्रवाह दिसतात. व्हिडिओ थांबवून उघडलंत तर पान रिकामं आणि निष्कर्ष चुकीचा. ब्राउझरच्या नावाखालची पट्टी नाचत असेल, तर आवाज इथवर सुखरूप आलेला आहे. आता त्याच चौकटीत उजवीकडे तो कुठल्या उपकरणाकडे चालला आहे ते वाचा. दर दुसऱ्या घरात तिथे एचडीएमआय, म्हणजे मॉनिटर किंवा टीव्हीला जाणारी तार, लिहिलेलं सापडेल.

एचडीएमआयचं प्रकरण असं. मॉनिटर जोडला की तो आपली ओळख करून देताना ‘मला आवाजही चालतो’ असं सांगतो. त्याला स्पीकर असेलच असं नाही. पुष्कळ मॉनिटरांना मागच्या बाजूला हेडफोनचं एक भोक असतं, तेवढ्यावर ही ऐट. लिनक्स बापडं विश्वास ठेवतं आणि सगळा आवाज तिकडे ओततं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. वरच्या चौकटीतून लॅपटॉपचे स्पीकर निवडले की गवई तत्क्षणी गायला लागतात. मॉनिटरला स्पीकर नाहीतच, तर ‘कॉन्फिगरेशन’ पानावर एचडीएमआयचं प्रोफाइल ‘ऑफ’ करून टाकावं. मात्र ग्राफिक्स आणि स्पीकर एकाच कार्डावर दाखवणाऱ्या मशीनवर ‘ऑफ’ केलंत तर दोन्ही जातील. तिथे ‘अॅनालॉग स्टिरिओ’ निवडायचं.

यात आणखी एक पाचर आहे. कुठल्या प्रोग्रॅमचा आवाज कुठे गेला, किती मोठा होता, म्यूट होता का, हे सगळं लक्षात ठेवलं जातं. पल्सऑडिओत ते काम ‘स्ट्रीम-रिस्टोर’ नावाचं मॉड्यूल करायचं, पाइपवायरच्या घरात त्याचा कारभारी वायरप्लंबर करतो. दिवाळीत एकदा फायरफॉक्सचा आवाज टीव्हीकडे वळवला असेल, तर पुढे कधीही टीव्ही जोडला की तो इमानेइतबारे तिकडेच जातो. बाकी सगळे प्रोग्रॅम स्पीकरवर बोलतात, एकटा फायरफॉक्स गप्प, आणि माणूस फायरफॉक्सला दोष देतो. आधी पाव्हूकंट्रोलमधून त्याला घरी आणावं. बधला नाही तर होममधल्या ‘.लोकल/स्टेट/वायरप्लंबर’ या फोल्डराचं नाव बदलावं आणि ‘सिस्टीमसीटीएल --युजर रीस्टार्ट वायरप्लंबर पाइपवायर पाइपवायर-पल्स’ ही आज्ञा द्यावी. आज्ञेच्या आधी ‘सुडो’ (रूटच्या, म्हणजे मशीनच्या मालकाच्या, अधिकारानं आज्ञा चालवणारा शब्द) लावायचं नाही. या सेवा तुमच्या खात्यात चालतात, रूटला त्या सापडतच नाहीत आणि वर रागावून एररही मिळते. रीस्टार्टनंतर टॅब रीलोड करा, कारण जुना टॅब कधीकधी तुटलेल्या जोडणीवरच वाट बघत बसतो.

पट्टी नाचते आहे, उपकरणही बरोबर आहे, तरी शांतता? मग तळघरात उतरायचं, म्हणजे ‘अल्सामिक्सर’. उघडल्यावर एकच उभा खांब दिसला तर फसू नका, तो वरच्या मजल्याचा, म्हणजे पल्सऑडिओ किंवा पाइपवायरचा, आहे. एफ६ दाबून खरं कार्ड निवडा, मग मास्टर, हेडफोन, स्पीकर असे खांब ओळीनं उभे राहतात. ज्याच्या पायथ्याशी ‘एमएम’ लिहिलंय तो म्यूट. बाणानं त्याच्यावर जाऊन एम दाबलं की ‘ओओ’ होतं. इथेच उजवीकडे सरकत गेलं की काही मशीनवर ‘ऑटो-म्यूट मोड’ भेटतो. हेडफोन लावल्यावर स्पीकर बंद करणं हे त्याचं काम. जॅकमध्ये धूळ बसली किंवा आतली पट्टी वाकली की त्याला न लावलेला हेडफोन दिसू लागतो आणि तो स्पीकरचा गळा दाबून बसतो. बाण खाली दाबून त्याला ‘डिसेबल्ड’ करा. बदल टिकवायला ‘सुडो अल्सासीटीएल स्टोर’.

आता ‘डमी आउटपुट’. सेटिंग्जमध्ये उपकरणाच्या जागी हे नाव दिसलं की ब्राउझरचा विषय संपला. याचा अर्थ वरच्या मजल्याला एकही कार्ड सापडलेलं नाही, म्हणून तोंडदेखलं एक खोटं उपकरण मांडून ठेवलं आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ‘एप्ले -एल’ (aplay -l) विचारा (हा एल लहानच, मोठा दिलात तर भलतीच लांबलचक यादी अंगावर येते). तिथेही कार्ड नसेल आणि लॅपटॉप अलीकडचा, इंटेलचा असेल, तर पहिला संशय एसओएफ फर्मवेअरवर, म्हणजे साउंड चिपमध्ये भरायच्या छोट्या प्रोग्रॅमवर, घ्यावा. लॅपटॉपच्या पोटातले डिजिटल मायक्रोफोन सांभाळायला हे फर्मवेअर लागतं आणि ते नसेल तर स्पीकरही उठत नाहीत. डेबियनमध्ये पॅकेजचं नाव ‘फर्मवेअर-एसओएफ-साइन्ड’, फेडोरात ‘अल्सा-एसओएफ-फर्मवेअर’, आर्चमध्ये ‘एसओएफ-फर्मवेअर’. एकाच वस्तूला तीन नावं ठेवल्याशिवाय आमच्याकडे वितरण पूर्ण होत नाही. ‘सुडो डीमेसेज’च्या (sudo dmesg), म्हणजे कर्नलच्या नोंदींच्या, भेंडोळ्यात ‘एसओएफ’ शोधलंत तर फर्मवेअरची फाइल मिळाली नसल्याची तक्रार तिथे नोंदलेली असते. पॅकेज टाका आणि मशीन रीस्टार्ट करा.

‘एप्ले’ला कार्ड दिसतं आणि तरी वर डमीच, असं असेल तर कार्ड कुणीतरी अडवून बसलं आहे. ‘सुडो फ्यूजर -व्ही /डेव्ह/एसएनडी/*’ ही आज्ञा त्याचं नाव फोडते. यादीत पाइपवायर आणि वायरप्लंबर दिसणं ठीक. तिथे ‘टिमिडिटी’ दिसला तर चोर सापडला. हा मिडी फायली वाजवणारा जुना प्रोग्रॅम दुसऱ्या कशाच्या तरी शेपटीला धरून येतो, बूट होताना सेवा म्हणून सुरू होतो आणि सगळ्यांच्या आधी कार्डावर रुमाल टाकतो. ‘टिमिडिटी-डेमन’ हे पॅकेज काढून टाकलं की संपलं. मिडी फाइल शेवटची कधी वाजवली होती हे आठवत नसेल तर हळहळायचंही कारण नाही.

मशीन ठणठणीत आणि फक्त ब्राउझरच मुका असेल, तर तो कसल्या डब्यातून, म्हणजे कसल्या पॅकेजमधून, आला ते बघायचं. उबुंटूनं २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅपच्या डब्यात दिला आहे. ‘स्नॅप कनेक्शन्स फायरफॉक्स’ दिलं की ‘ऑडिओ-प्लेबॅक’समोर जोडणी दिसायला हवी. तिथे नुसती आडवी रेघ असेल तर ‘सुडो स्नॅप कनेक्ट फायरफॉक्स:ऑडिओ-प्लेबॅक’. फ्लॅटपॅकचा डबा असेल तर फ्लॅटसील हा त्याच्या परवानग्या दाखवणारा प्रोग्रॅम उघडून ‘पल्सऑडिओ साउंड सर्व्हर’चं बटण चालू आहे का बघा. डब्याचा दोष नसेल तर पत्त्याच्या जागी ‘अबाउट:सपोर्ट’ लिहून ‘मीडिया’ विभागात जावं. तिथे ऑडिओ बॅकएंड ‘पल्स-रस्ट’ आणि खाली स्पीकरची नावं दिसली पाहिजेत. दिसतात आणि तरी आवाज नाही, तर ‘अबाउट:प्रोफाइल्स’मधून नवं प्रोफाइल काढून त्यात व्हिडिओ लावा. तिथे वाजला तर जुन्या प्रोफाइलमधल्या एक्स्टेंशनांची झडती घ्यायची, आवाज वाढवून देतो म्हणणाऱ्यांची सगळ्यात आधी.

ब्लूटूथ हे वेगळंच बिऱ्हाड. गाणं ऐकताना हेडफोन ए२डीपीवर, म्हणजे नुसतं ऐकण्याच्या पद्धतीवर, असतो, आवाज सुरेख. ब्राउझरमध्ये मीटिंग सुरू झाली आणि तिनं हेडफोनचाच माइक मागितला, की तो एचएफपीवर, म्हणजे फोनसारख्या बोलण्या-ऐकण्याच्या पद्धतीवर, उतरतो. त्यात बोलणं आणि ऐकणं दोन्ही ८ किंवा १६ किलोहर्ट्झच्या अरुंद बोळातून जातं, म्हणून साहेब विहिरीतून बोलल्यासारखे वाटतात. काही हेडफोन या उतरंडीत वाटेतच अडकतात, मग साहेबही गप्प. यात ब्राउझरचा दोष नाही आणि हेडफोन महाग घेऊनही सहसा फरक पडत नाही. मीटिंगच्या सेटिंगमध्ये ऐकायला हेडफोन आणि बोलायला लॅपटॉपचा माइक निवडावा, म्हणजे ए२डीपी सुटत नाही. लॅपटॉपचा माइक घरातल्या कुकरच्या शिट्ट्या इमानदारीनं सगळ्या टीमपर्यंत पोचवतो, पण त्याची तक्रार लिनक्सकडे करता येणार नाही.