माझं अर्हू काकांकडे असतं

आज सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकांनी मला माझं अर्हू दोन तासांसाठी वापरायला दिलं. वर बजावलं, "फक्त आतली तार. बाहेरच्या तारेला हात लावायचा नाही." पैसे मी मोजले, पावती माझ्या नावावर, आणि परवानगी यांची!

अर्हू म्हणजे दोन तारांचं चिनी वाद्य. लांब दांडी, खाली लाकडाची षट्कोनी पेटी आणि पेटीच्या तोंडावर ताणून बसवलेलं अजगराचं कातडं. मांडीवर उभं धरून, व्हायोलिनसारखा गज ओढून वाजवायचं. आतली तार सा, बाहेरची प. गजाचे केस या दोन तारांच्या मधे कायमचे अडकलेले, त्यामुळे वैतागून गज फेकावा म्हटलं तर सगळं वाद्यच मागोमाग येतं. दांडीवर पडदे नाहीत, खाली दाबायला पट्टीही नाही. बोटानं तार अधांतरी दाबायची आणि सूर लागला तर लागला. कंपनीनं शांघायला धाडलंय, संध्याकाळी उद्योग नसतो, म्हणून घेतलं. एवढीच माझी संगीतसाधना.

'घेतलं' हे तरी कोणत्या तोंडानं म्हणू? सुचौला अर्हू चांगली बनतात, वेगवान रेल्वेनं अर्ध्या तासाचा रस्ता, रविवारी जाऊन आणतो, असं मी लिफ्टमध्ये सहज बोललो. काका म्हणाले, "मीही येतो." काका निवृत्त. थर्मासमध्ये चहा तयारच असतो.

दुकानात मला एक अर्हू पाहताक्षणी आवडलं. काळंभोर लाकूड, झकास पॉलिश, दांडीच्या टोकाला कोरलेलं ड्रॅगनचं डोकं. मी हात पुढे केला. काका म्हणाले, "ड्रॅगन वाजत नाही," आणि माझा हात त्यांनी स्वतः खाली केला. मग चष्मा कपाळावर चढवून ते एकेका वाद्याच्या कातड्याला नाक लावून खवले बघू लागले.

"हे कुठलं कातडं?" त्यांनी दुकानदाराला विचारलं.

"पाठीचं."

"पाठीचं नको. मागचं दाखवा."

मी विचारलं, "मागचं म्हणजे?"

"मागचं म्हणजे मागचं," काका म्हणाले. माझ्या चेहऱ्यावर काही उमटेना, तेव्हा त्यांनी भर दुकानात वळून स्वतःच्याच देहावर ती जागा दाखवली. "अजगर शी करतो ना, त्याच्या आसपासचं. तिथलं कातडं जाड असतं, खवले मोठे आणि एकसारखे. खरा आवाज तिथला."

शेजारी एक शाळकरी मुलगी तिच्या आईबरोबर गज बघत होती. मला वाटलं, आता ही बाई मुलीला घेऊन बाहेर जाणार. ती कौतुकानं म्हणाली, "आमच्या हिचंही तिथलंच आहे!" मुलीनं गंभीरपणे मान हलवली. दुकानदारानं आतून निवडक माल काढला आणि चहा आणला. काकांसाठी.

मग अंगठ्याची परीक्षा सुरू झाली. काका कातडं दाबत, कान लावत, मग मला दाबायला लावत.

"काय वाटतं?"

"घट्ट वाटतं."

"किती घट्ट?"

आता किती घट्ट ते कशात सांगायचं? मी म्हटलं, "बऱ्यापैकी." काकांनी दुकानदाराकडे बघून असा सुस्कारा सोडला, की जणू दोघांनी मिळून मला वाढवलंय आणि दोघांनाही पश्चात्ताप होतोय.

मला गोड वाटलेली सगळी वाद्यं बाद झाली. "हे आजच गोड बोलतंय, म्हणजे कातडं सैल आहे. वर्षभरात बसेल. ते ओरडतंय ते घे. सहा महिने ओरडेल, मग बोलेल." त्यानंतर बोट दांडीवरून खाली पेटीकडे सरकवत काकांनी प्रत्येक वाद्यात लांडगा शोधला. एखाद्या सुरावर आवाज गुरगुरतो, फाटतो, त्याला हे लोक लांडगा म्हणतात. दोन वाद्यांत लांडगे सापडले. तिसऱ्यात नव्हता. काकांनी ते मांडीवर घेतलं, काहीतरी सुरेख वाजवलं, गिऱ्हाइकं गोळा झाली, टाळ्या झाल्या, आणि दुकानातल्या मुलीनं पैसे भरायचा कोड मात्र माझ्यापुढे धरला. २,८०० युआन. सोबत एक प्रमाणपत्र: हे अजगर रानातलं नाही, पाळलेलं आहे. २००५पासून तसं लागतं. अजगराचेसुद्धा कागद पक्के. माझ्याच मालकीचं तेवढं काही खरं नाही.

नवं अर्हू रुळवावं लागतं हे खरंच आहे. कातडं आणि लाकूड ताठर असतं. रोज लांब, सावकाश गज ओढत राहिलं की काही महिन्यांनी आवाज मोकळा होतो. हे माझ्या शिक्षिकाबाईंनीही सांगितलं. पण काकांचं त्यावर पुराण आहे. "नवं कातडं लहान पोरासारखं. जे ऐकेल ते शिकेल. तू वाजवलंस तर तुझ्यासारखं शिकेल." म्हणून पहिले काही महिने ते स्वतः वाजवणार. माझ्या भल्यासाठी.

तेव्हापासून रोज सकाळी माझं अर्हू बागेत जातं आणि मी ऑफिसला. मिरजेत तंबोरा घेतला तर जवारी लावून, म्हणजे तारांचा नाद खुलवून, हातात देतात. पुढचं रडगाणं आपलं आपण गायचं. कारागीर रियाजाला घरी येत नाही. इथे जूनमध्ये पावसाची झड लागली, तर काका वाद्य रात्रीही ठेवून घ्यायला लागले. "तुझ्याकडे दमट आहे, कातडं सैल पडेल." मी चौथ्या मजल्यावर, ते तिसऱ्या. ओल वर चढते का? आमच्याकडे हवा कोरडी करायचं यंत्रही आहे. मी तसं म्हणालो, तर दुसऱ्या दिवशी ते यंत्रही खाली गेलं.

वाद्य परत येतं तेव्हा घोडीच्या, म्हणजे तारा टेकतात त्या ठोकळ्याच्या, वर, पेटीच्या कडेला, तारांखाली एक पेन्सिल सरकवलेली असते. तारांचा भार कातड्यावर पडू नये, त्याला विश्रांती मिळावी म्हणून. पेन्सिल माझी आहे.

एकदा मी कुरकुर केली, तर त्यांनी अबिंग काढला. वुशीचा हा अंध कलावंत रस्त्यावर वाजवायचा. १९५० साली त्याचं वादन ध्वनिमुद्रित करायला लोक आले, तेव्हा त्याच्याकडे धड वाद्य नव्हतं, वाजवणंही सुटलेलं होतं. उसन्या अर्हूवर त्यानं वाजवलं आणि ते आज सगळा चीन ऐकतो. त्याच वर्षी तो गेला. "बघ," काका म्हणाले, "एवढा थोर माणूस, पण उसन्या वाद्यावर!" अहो, त्यानं दुसऱ्याचं उसनं घेतलं होतं. मी माझंच घेतोय.

विनोद सोडा, पण चाळिशीत काही नवं शिकायला घेतलं की जो तो आपला पालक होतो. पोहायला जा, तलावावरचा अनोळखी माणूस हात कसा मारायचा ते सांगतो. पोळी करा, सासू फोनवरून आच कमी करायला लावते. वाईट वाजवण्याचा हक्क नावाची काही चीज आहे की नाही? मला बेसूर वाजवायचं होतं. माझ्या घरात, माझ्या पैशानं, माझ्या अजगरावर. बायकोला विचारलं तर म्हणते, "पण काका वाजवतात तेव्हा खिडकीतून किती छान ऐकू येतं रे."

संध्याकाळी काका नवी बातमी घेऊन वर आले. चीन सोडताना एका माणसाला दोन अर्हू नेता येतात, त्यांनी चौकशी केली होती. तेव्हा मी आता सरावासाठी दुसरं, स्वस्तातलं घ्यावं. साडेतीनशे युआनचं त्यांनी बघूनही ठेवलंय.

"आणि हे?"

"हे तू जाताना ने. तोवर तयार होईल."

मी हरलो होतो, पण इतक्या दिवसांत थोडं शिकलोही होतो. म्हटलं, "त्याचं कातडं तरी कुठलं आहे?"

"पाठीचं," काका म्हणाले. "तुला तेवढं पुरे."