'हळू चालणारा प्रेस गळ्यात मारला' या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार,

तारे किती द्यायचे हा तुमचा अधिकार, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण तुमचा रिव्ह्यू वाचून उद्या दुसरं कुणीतरी घरी काडतुसं भरण्याचा पहिला प्रेस निवडणार आहे, म्हणून उत्तर इथेच, सगळ्यांसमोर देतो.

तुमच्या तक्रारी तीन. मित्राच्या डिलन ५५० या प्रोग्रेसिव्ह (एका झटक्यात अनेक कामं करणाऱ्या) प्रेसवर तासाला चारशे काडतुसं निघतात आणि आम्ही दिलेल्या सिंगल-स्टेज (एका वेळी एकच काम करणाऱ्या) प्रेसवर अख्ख्या संध्याकाळी पन्नास. .३०-०६ या रायफलच्या काडतुसाची पुंगळी (पितळी कवच) डायमध्ये, म्हणजे तिला आकार देणाऱ्या साच्यात, रुतली आणि प्रेसचा दांडा ओढल्यावर बुडाची कड फाटून हातात आली. आणि जी काडतुसं झाली, त्यांतल्या काहींवर रायफलचा बोल्ट (काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा भाग) जड लागतो.

आधी वेगाचं बघू. मित्र नऊ मिलिमीटर भरतो, टार्गेटसाठी, हे तुम्हीच लिहिलंय. त्याच्यासाठी ते मशीन उत्तमच आहे, आम्हीही अशा माणसाला तेच सुचवतो. शिकारीच्या रायफलचं काम मात्र वेगळ्या ठिकाणी अडतं. पुंगळी डायमधून दाबून काढली (याला साइझिंग म्हणतात) की ती लांबते. .३०-०६ ची कमाल लांबी २.४९४ इंच, त्यावर गेली की कापून २.४८४ च्या आसपास आणायची, तोंडाची धार आतून-बाहेरून मोडायची, वंगण पुसायचं. म्हणजे साइझिंग झाल्यावर पुंगळी प्रेसवरून उतरलीच पाहिजे. मग पुढचं स्टेशन तयार असून उपयोग काय? दारूचंही तसंच. रायफलला बऱ्याचदा वापरतात ती दारू बारीक काड्यांसारख्या दाण्यांची असते. मापातून पडताना दाणे एकमेकांत अडकतात, एखाद्या वेळी कमी पडते, पुढच्या वेळी साचलेली एकदम येते. ज्याला लांबच्या जनावरावर नेमका एकच बार टाकायचा आहे, तो प्रत्येक माप काट्यावर ०.१ ग्रेनपर्यंत (ग्रेन हे दारू तोलण्याचं बारीक वजन) तोलतोच. तिथे वेळ खातो तो काटा. दांडा कितीही झरझर चालला तरी काट्याची वाट बघत थांबणार.

सुरक्षिततेचा मुद्दाही आहे, आणि दुकानात मी तुम्हाला प्रोग्रेसिव्हपासून परावृत्त केलं ते मुख्यतः त्यासाठी. प्रोग्रेसिव्हवर एका झटक्यात चार पुंगळ्यांवर चार वेगळी कामं होतात. मध्येच काही अडकलं, दांडा अर्ध्यावरून परत आणला, की कुठल्या पुंगळीत दारू पडली आणि कुठल्या नाही हे नवशिक्याच्या लक्षात राहत नाही. रायफलच्या पुंगळीत दुप्पट दारू सहसा मावत नाही, सांडते आणि कळते. न पडलेली किंवा अर्धवट पडलेली कळत नाही. गोळी नळीतच अडकू शकते, आणि बार नीट झाला नाही म्हणून माणूस दुसरा टाकतो, मग नळी फुटू शकते. याउलट तुमच्या पद्धतीत पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या असतात. गोळी बसवण्याआधी वरून दिवा धरला की सगळ्यांतली दारू एका नजरेत दिसते, एखादीची पातळी खाली असेल तर डोळ्यांत खुपते. हे पाहणं कधीही चुकवू नका.

आता रुतलेली पुंगळी. तुम्ही लिहिलंय, 'मित्र तर वंगण लावतच नाही.' बरोबर, कारण पिस्तुलाच्या डायमध्ये बहुधा कार्बाइडचं कडं असतं. तुमचा डाय पोलादी आणि पुंगळी बाटलीच्या आकाराची. तिला अंगावर पातळ थर हवाच, मानेच्या आतही किंचित. कोरडी घातलीत तर कुठल्याही प्रेसवर रुतेल. खांद्यावर मात्र जास्त फासू नका, तिथे वंगण साचलं की पितळेला खळगा पडतो. तुमच्या प्रेसला यात काही झालेलं नाही. बिडाचा ओ-फ्रेम (चारी बाजूंनी बंद चौकटीचा) आहे, पुंगळीची कड फाटली पण रॅम (पुंगळी वर-खाली नेणारा खांब) वाकला नाही, ही त्याची परीक्षाच झाली म्हणायची.

बोल्ट जड लागतो त्याचं कारण बहुतेक डायच्या सेटिंगमध्ये आहे. रॅम वर नेऊन डाय शेलहोल्डरला (रॅमवर पुंगळीचं बूड धरणाऱ्या तुकड्याला) नुसता टेकवला की झालं, असं वाटतं. पण वंगण लावलेली पुंगळी आत असताना सगळ्याच प्रेसवर किंचित ताण येतो. त्या क्षणी खाली वाकून बघा: शेलहोल्डर आणि डायच्या मध्ये उजेडाची फट दिसत असेल, तर पुंगळीचा खांदा पुरेसा मागे गेलेला नाही. दांडा सैल करून डाय थोडा थोडा खाली फिरवा आणि पुन्हा बघा. वाकताना टेबलही बघा. पातळ फळीवर बसवलेला प्रेस टेबलासकट झुकतो आणि दोष प्रेसवर येतो. मात्र उगाच खाली दाबत सुटू नका. त्याच रायफलमध्ये उडालेल्या पुंगळीपेक्षा खांदा ०.००२ इंच मागे गेला तरी पुरे. खूप मागे नेलात तर दर बाराला पितळ बुडाच्या वर ताणतं, तिथे चकचकीत कडं दिसू लागतं आणि एक दिवस पुंगळी तिथूनच तुटते. तपासणी दारू आणि प्रायमर (बुडातली ठिणगी पाडणारी टोपी) नसलेल्या डमीवर करा, भरलेली काडतुसं घरात चेंबरमध्ये (रायफलमध्ये काडतूस बसतं त्या जागी) घालून बघू नका. जड जाणारी बाजूला ठेवा, जोर लावून बोल्ट बंद करू नका.

'जुना माल खपवला' हे मात्र पटलं नाही. याच प्रेसला ७/८ इंच, इंचाला १४ आट्यांचे डाय बसतात, म्हणजे जवळपास सगळ्या कंपन्यांचे. .३०-०६ चाच शेलहोल्डर उद्या .२७०, .३०८ किंवा .२४३ ला चालेल. मॅग्नमला (जाड बुडाच्या जोरदार काडतुसांना) तेवढा वेगळा घ्यावा लागेल. पुढे प्रोग्रेसिव्ह घेतलात तरी हा टेबलावरून हलणार नाही. ज्यांच्याकडे दोन-तीन मशीनं आहेत तेही रायफलचं साइझिंग अशाच प्रेसवर करतात.

तरीही दर वेळी डाय बदलण्याचा कंटाळा येत असेल तर टरेट प्रेस बघा. डाय एकदा लावले की वरची चकती फिरवायची, सेटिंग जागच्या जागी, आणि काम तरीही एका वेळी एकच. तुमच्या कामाला तो शोभेल. तुमचा प्रेस चांगल्या स्थितीत आहे, तो परत घेऊन फरकाने टरेट देऊ.

डाय पुंगळीसकट घेऊन या. हातोडा मारू नका, आतली डिकॅपिंग पिनही (जुना प्रायमर बाहेर ढकलणारी) ओढू नका. बुडाला भोक पाडून आटे काढले की त्यात साधा नट-बोल्टातला बोल्ट घालून ओढल्यावर पुंगळी निघते, थांबलात तर तुमच्यासमोर काढून देऊ, त्याचे पैसे नाहीत. येताना जड जाणाऱ्या काडतुसांऐवजी त्याच रायफलमध्ये उडालेल्या चार-पाच रिकाम्या पुंगळ्या आणा, साइझ न केलेल्या. त्यांच्यावरून डाय इथेच लावून देतो.