तिकडचं आणि इकडचं : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

'घटश्राद्ध' सिनेमावरचा माझा लेख तुम्हाला पटला नाही. तुमचं म्हणणं, हे सगळं तिकडचं, कर्नाटकातल्या मलनाडच्या कानडी वैदिकांचं. आपल्या मराठी घरांत असलं काही नव्हतं, असलंच तर शंभर वर्षांपूर्वी संपलं. शिवाय कर्वे, आगरकर आपल्यातलेच. आणि सिनेमा तुम्ही अर्ध्यात बंद केलात.

तिकडचं म्हणता, तर आधी शब्दच बघा की. माणूस जिवंत असताना त्याच्या नावानं घडा फोडायचा आणि आपल्यापुरता तो मेला म्हणायचं, हा तो घटश्राद्धाचा विधी. कोर्टातल्या काडीमोडीला आपण रोज 'घटस्फोट' म्हणतो, तोही मुळात हाच, पतिताला जातीबाहेर घालवताना फोडायचा घडा.

आता घरचं सांगते. आमचं घर बेळगावजवळच्या शहापूरचं, म्हणजे तेव्हाच्या सांगली संस्थानातलं. आई १९५८ साली लग्न होऊन आली तेव्हा आजोबांची आत्या घरात होती. अकराव्या वर्षी विधवा झालेली. तांबडं आलवण, कपाळापर्यंत ओढलेला पदर, न्हावी मागल्या दारानं. पुनर्विवाहाचा कायदा १८५६ चा. त्याला तोवर एकशेदोन वर्षं झाली होती.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची आंब्याची डाळ आत्याच वाटायची, पाट्यावर, गल्लीला पुरेल एवढी. पहिली सवाष्ण उंबऱ्यात दिसली की कोठीत जाऊन दार ओढून घ्यायची. जा म्हणून कुणाला सांगावंही लागायचं नाही. बायका खाऊ लागल्या की फटीतून आईला हळूच विचारायची, "मीठ बरोबर झालंय काय गं?" नैवेद्याआधी चाखायची सोय नव्हती, नंतर बाहेर यायची.

सिनेमाचे दिग्दर्शक गिरीश कासारवल्लींनी १९७७ साली पाठशाळेतल्या एका लहान पोराच्या नजरेतून विधवा यमुनक्का दाखवली. ते पोर बघत राहतं तेव्हा मला आमच्या कोठीची फट दिसते. यात समाजाची बदनामी कुठं आली?

कर्वे आपलेच, मान्य. १८९३ साली विधवेशी लग्न करून ते मुरुडला गेले, तर गावानं बहिष्कार घातला. तो घालणारेही आपलेच होते, काका.

एक मात्र तुमचं बरोबर. 'ब्राह्मणी रूढी' हा शब्द मी फार ऐसपैस वापरला. केशवपन मुख्यतः आमच्यातलं, खरं आहे. पण बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, जोडवी काढणं सगळ्या जातींत चालतं. हेरवाड काय लांब आहे? कुरुंदवाडजवळ, आपल्या हद्दीला लागून. तिथल्या ग्रामपंचायतीनं हे बंद करायचा ठराव केला तो मे २०२२ मध्ये. त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारनं राज्यभर परिपत्रक काढलं. लेखातलं 'ब्राह्मणी रूढी'चं ते वाक्य आजच बदलते.

शेवट इथं सांगत नाही. उरलेला अर्धा बघा. तुमची कानडी माझ्यापेक्षा बरी, सबटायटल्स लागणार नाहीत. मग भांडू.