खुलासा : बंदुकीची सरावाची गोळी ‘सौम्य’ नसते

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर परवापासून फिरतंय : ‘परवानाधारकांनी सरावाची, तांब्याच्या पूर्ण आवरणाची गोळीच जवळ बाळगावी, पोकळ टोकाचीपेक्षा ती सौम्य.’

हे उलटं आहे. आवरणाची गोळी लागल्यावर सहसा फुलत (पसरून रुंद होत) नाही, म्हणून आरपार जाऊन मागच्याला लागू शकते. सराफ्यातली, आपल्या खाऊबाजारातली, रात्रीची गर्दी डोळ्यांपुढे आणा. पोकळ टोकाची फुलते, वेग गमावते, बहुधा शरीरातच थांबते. शरीराच्या मांसाऐवजी वापरतात त्या जिलेटिनच्या ठोकळ्यांवरच्या चाचण्यांत हेच दिसतं. जीवघेण्या मात्र दोन्ही.

सरावाला आवरणाची वापरतात, कारण ती स्वस्त.

मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर तिथेच हा खुलासा टाका.