पेपर संपलाय ना? मग आज तरी तिला सोडा!

आज संध्याकाळी समोरच्या फ्लॅटमधली मुलगी एम-थ्रीचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या गणिताचा, पेपर देऊन आली. सेकंड इयर इंजिनिअरिंग, सेमचा शेवटचा पेपर. सबमिशन, ओरल आधीच आटपलेलं, म्हणजे टर्म संपली! जिन्यात खालच्या आजींनी विचारलं "कसा गेला गं?", वॉचमननं विचारलं, मीही विचारणार होते, पण तिचा चेहरा बघून गप्प बसले.

दार उघडंच होतं. तिच्या बाबांनी प्रश्नपत्रिका जवळजवळ हिसकावूनच घेतली. पोरीच्या पायातले बूटसुद्धा निघाले नव्हते हो! फोनवर फोटो काढला, कुठल्याशा अ‍ॅपनं धडाधड उत्तरं दिली आणि साहेब लाल पेन घेऊन सोफ्यावर बसले. "हा सोडवलास? तुझं काय आलं? आठव. आठव ना!"

कसली घाई आहे एवढी? विद्यापीठाला निकाल लावायला कायद्यानं 30 दिवस दिलेत, फार तर 45. (ते पाळलं जातं का, यावर लिहायला बसले तर रात्र जाईल.) आणि इथे बापाला चहा होईपर्यंत धीर नाही.

आमच्या हॉस्टेलवर एक नियम होता. शेवटचा पेपर झाला की जी पहिल्यांदा उत्तराचा विषय काढेल तिनं सगळ्या रूमला चहा आणि क्रीमरोल द्यायचा. एम-थ्रीच्या दिवशी आमची जालन्याची रूममेट, वर्गातली हुशार, कॅन्टीनपर्यंतसुद्धा टिकली नाही. "अगं, त्या लाप्लासमध्ये मायनस आला ना?" झालं! क्रीमरोल तिच्याकडून. आम्ही हसत सुटलो, आणि ती मात्र हिशेब जुळवत बसली. रात्री उशीत तोंड खुपसून रडली. तिचा प्लस आला होता.

आता ऐका. इन्व्हर्स लाप्लास म्हणून एम-थ्रीत जो गणिताचा प्रकार असतो, त्यात पार्शल फ्रॅक्शन नीट पाडलं (मोठा अपूर्णांक छोट्या तुकड्यांत फोडला), फॉर्म्युले बरोबर लावले आणि शेवटी एक चिन्ह चुकलं, तर तपासणारा पायऱ्यांचे मार्क देतो. सगळेच देतात असं नाही, मान्य. पण अ‍ॅप आणि लाल पेनवाले बाबा फक्त शेवटची ओळ बघतात. सहा मार्कांच्या प्रश्नात पोरीचे पाच आले असतील तरी सोफ्यावर तिला शून्यच! आमच्या जालनावालीचंही तेच झालं. त्या एका चिन्हापायी रात्रभर रडली आणि निकालात आमच्या रूममध्ये सगळ्यात जास्त मार्क तिलाच. ती रात्र तिला कोण परत देणार?

आणि एम-थ्रीत ज्या फूरिये नावाच्या फ्रेंच गणितज्ञाच्या नावानं ही पोरं घाम गाळतात, त्यानं 1807 साली पॅरिसमध्ये उष्णतेवरचा निबंध सादर केला तेव्हा लग्रांजसारख्या मोठ्या गणितज्ञालाही तो पटला नव्हता. पुस्तक यायला 1822 साल उजाडलं. त्याला 15 वर्षं, आणि आमच्या पोरीला जिना ते सोफा!

काहीजण म्हणतील, फी आम्ही भरतो, विचारणारच. भरा की. विचारा पण. उद्या विचारा, परवा विचारा. निकाल लागल्यावर उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा, रिव्हॅल्युएशनला टाका, काय चिरफाड करायची ती तेव्हा करा. त्यासाठी रीतसर सोय आहे. आज विचारून त्या पेपरात एक तरी मार्क वाढणार आहे का?

(काही मुलांना स्वतःहून बोलून मोकळं व्हायचं असतं, तेही खरं. मग त्यांना बोलू द्या. आपण उलटतपासणी घ्यायची नाही.)

लिहिता लिहिता थोडी शांत झालेय. तिचे बाबा वाईट माणूस नाहीत. एज्युकेशन लोन आहे, स्वतः बारावीनंतर नोकरीला लागलेले, विषय बॅक राहिला तर काय, इयर डाऊन होऊन वर्ष वाया गेलं तर काय, हे सगळं त्या लाल पेनात उतरलेलं असतं. घाबरलेला माणूस आहे तो. ते कळतं मला. माझे वडीलही रविवारी हॉस्टेलच्या फोनवर पहिलं तेच विचारायचे. मी म्हणायचे, "गेला." मग थोडा वेळ फोनवर दोघंही गप्प आणि मग, "बरं, घरी कधी येतेस?"

पण नाही, परत राग आला. कारण आत्ता, साडेनऊला, भिंतीपलीकडून "झेड ट्रान्सफॉर्मचं तरी बरोबर असेल ना?" असं ऐकू आलं. अहो, महिनाभर ती पोरगी पहाटेपर्यंत दिवा लावून बसत होती, आम्ही बघितलंय! आज तिला मैत्रिणींबरोबर बाहेर जायचं होतं, सकाळी जिन्यात तिनंच सांगितलं होतं मला. गेलेली दिसत नाही.

उद्या सकाळी साहेब पार्किंगमध्ये गाडी पुसत असतात, तेव्हा बोलणार आहे. नवरा म्हणतोय, तू दुसऱ्यांच्या घरात नाक खुपसू नकोस. खुपसणार. भांडण झालंच तर सोसायटीच्या ग्रुपवर कळेलच सगळ्यांना.