‘आजोबा उर्दूत शिकले, त्यांचं काय अडलं?’

जून उजाडला, मृगाकडं डोळे लागले, की आमच्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर पावसाच्या आधी एक मेसेज येऊन पडतो. यंदा तो मला सात जणांनी पाठवला, त्यात दोघं माझेच जुने विद्यार्थी. मेसेजचं म्हणणं असं: देशात शेकडो भाषा, प्रत्येकीत शाळा काढत बसलं तर भागायचं नाही, म्हणून सगळ्यांना पहिलीपासून इंग्रजी माध्यम हाच खरा न्याय. लहानपणी भाषा चटकन येते. नीट, जेईई या प्रवेश परीक्षा इंग्रजीत असतात. सिंगापूर इंग्रजीवर मोठं झालं. पुढाऱ्यांची पोरं कुठं शिकतात ते बघा. झेडपीच्या शाळा ओस पडल्या, म्हणजे जनतेनं निकाल दिलाच आहे. आणि खास मराठवाड्यासाठी कुणीतरी जोडलेली ओळ: ‘आपले आजोबा निजामाच्या राज्यात उर्दूत शिकले, मातृभाषेत नव्हे. त्यांचं काय अडलं?’

देगलूर-बिलोलीकडं आणि पुढं माहूर-किनवटच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळांवर मी 29 वर्षं काढली. मेसेजमधलं सगळंच चूक आहे असं मी म्हणणार नाही. पण सुरुवात शेवटच्या ओळीपासून करतो, कारण ती मला झोंबली.

आजोबांचं अडलं होतं. माझ्या आजोबांचं तर चौथीनंतर लगेचच अडलं. निजामाच्या राज्यात प्राथमिक शाळा म्हणजे तहतानिया, मधली वस्तानिया आणि हायस्कूल म्हणजे फोकानिया. खालच्या वर्गात मराठी चालायची. वस्तानियात पाऊल टाकलं की हिशेब, भूगोल, इतिहास, सगळं उर्दूत. आजोबा मरेपर्यंत उर्दू अंक तोंडपाठ म्हणायचे, पण शाळा का सोडली असं विचारलं की एकच उत्तर: ‘मास्तर काय बोलतो ते कळंना, मग वडलांनी औतावर धाडलं.’ मेसेजवाल्याला जे आजोबा दिसतात ते टिकलेले, वकील झालेले, तहसीलदार झालेले. औतावर गेलेल्यांचे फोटो कोणी दिवाणखान्यात लावत नाही, म्हणून ते मोजणीत येत नाहीत.

हैदराबाद संस्थानात निम्म्याच्या आसपास लोक तेलुगू बोलणारे, चौथा हिस्सा मराठी, त्याखालोखाल कानडी, आणि उर्दू घरची भाषा असलेले दहा-बारा टक्के. शाळेची भाषा या शेवटच्या गटाची. मराठवाडा शिक्षणात मागं राहिला तो निव्वळ उर्दूमुळं, असं मात्र मी म्हणणार नाही. मुळात शाळाच कमी होत्या, खासगी शाळा काढायला सरकारची परवानगी लागायची आणि ती सहजी मिळत नसे. तरी लोकांनी धडपड केलीच. 1921 साली हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली. मोमिनाबादेत, म्हणजे आजच्या अंबाजोगाईत, योगेश्वरी शाळा उभी राहिली. विजापूर जिल्ह्यात जन्मलेले, पुढं हैदराबाद मुक्तिलढ्याचे नेते झालेले स्वामी रामानंद तीर्थ या दोन्ही ठिकाणी शिकवून गेले. ‘काय अडलं?’ या प्रश्नाचं उत्तर या शाळा आहेत. अडलं नसतं तर सरकारी रोष ओढवून, वर्गणी गोळा करून, मराठीतून शिकवायच्या शाळा लोकांनी कशाला काढल्या असत्या?

याच इतिहासाची दुसरी बाजू मेसेज पाठवणाऱ्याच्या ध्यानातच नसावी. 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं ते उर्दू माध्यमाचं. इंग्रजांच्या अमलात बाकी सगळा देश उच्च शिक्षण इंग्रजीत घेत होता, तेव्हा हैदराबादेत भाषांतराचं स्वतंत्र खातं काढून विज्ञान, कायदा, वैद्यक उर्दूत आणलं गेलं. एक भारतीय भाषा डॉक्टर घडवू शकते, हे उस्मानियानं दाखवून दिलं. ज्यांची भाषा उर्दू होती त्यांना त्याचा फायदा झाला. आमची नव्हती, आम्ही दारातच राहिलो. म्हणजे मेसेजनं दिलेला दाखला मेसेजच्याच विरोधात जातो.

आणि त्या भाषेचं पुढं काय झालं? 2023 मध्ये मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, तेव्हा निजामकाळातले दस्त बाहेर निघाले. काही उर्दूत, काही मोडीत. तहसीलीत ते वाचणारा माणूस शोधावा लागला. आपल्याच आजोबांच्या जमिनीचा कागद हातात धरून माणसं ‘कुणी वाचून देता का’ म्हणत फिरत होती. कचेरीची भाषा आणि घरची भाषा वेगळी पडली की दोन-तीन पिढ्यांत हे असं होतं.

आता ‘लहानपणी भाषा चटकन येते’. येते ना. माझ्या देगलूरच्या वर्गात असं एक पोरगं होतं, की आईशी तेलुगूत, दुकानदाराशी दखनीत आणि माझ्याशी मराठीत. पण ती त्याच्या कानावर दिवसभर पडणारी भाषा होती. तालुक्याच्या इंग्लिश स्कूलमध्ये किती इंग्रजी कानावर पडतं? बाई फळ्यावर इंग्रजीत लिहितात, समजावतात मराठीत, पोरं भांडतात मराठीत, आणि परीक्षेला उत्तरं पाठ. बाईंचा दोष नाही. त्यांनाही सहा-सात हजारांत राबवून घेतात.

शेजारच्यांचा तिसरीतला नातू सुट्टीत माझ्याकडं गणितं घेऊन बसायचा. उदाहरण होतं: शेतकऱ्याकडं 45 पोती, 18 विकली, हाऊ मेनी आर लेफ्ट? त्यानं बेरीज करून 63 लिहिले. मी विचारलं, बेरीज का रे? तर म्हणतो, ‘लेफ्ट म्हणजे डावा ना, आबा? डाव्या बाजूचं उजव्या बाजूत मिळवलं.’ तेच उदाहरण मी सोयाबीनच्या पोत्यांचं करून मराठीत सांगितलं. बोटं न मोजता 27. वर मलाच विचारलं, ‘भाव काय लागला?’ पोराला गणित येत होतं. वही मात्र सांगत होती की येत नाही, आणि शाळेनं पालकांना बोलावून तेच सांगितलं.

इथं एक गोष्ट इंग्रजीच्या पदरात टाकायला हवी. मराठीत 27 म्हणजे सत्तावीस, सात आधी, वीस नंतर, आणि लिहिताना उलट. इंग्रजीत विसाच्या पुढं बोलतो त्याच क्रमानं लिहितो. 2019 मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ असं वाचायची सोय दिली तर केवढा गदारोळ झाला! विधानसभेत चेष्टा झाली, टीव्हीवर झाली. मराठीच्या नावानं छाती पिटणाऱ्यांनी मराठीतून गणित सोपं करायची एक साधी खटपट हसण्यावारी नेली. वर्गात त्रेपन्न आणि पस्तीस यांची अदलाबदल करणारी पोरं मी पाहिलीत, मला तेव्हा हसू आलं नाही.

नीट-जेईईचा मुद्दा लवकर उरकतो. नीटची प्रश्नपत्रिका 13 भाषांत निघते, मराठी आणि उर्दू त्यात आहेत. जेईई मेनही 13 भाषांत. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड मात्र इंग्रजी-हिंदीतच, आणि आपल्याकडं वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणं इंग्रजीत, हे खरं. अकरावी सायन्सला आमची पोरं गांगरतात हेही खरं. पण लातूरला अकरावी-बारावीच्या शिकवण्यांना येणाऱ्या गर्दीत दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली लेकरं आजही मायंदाळ असतात. दोन-चार महिने शब्द अडतात, मग अडत नाहीत, कारण शब्दामागची गोष्ट आधीच डोक्यात बसलेली असते. त्या दोन-चार महिन्यांचा त्रास कमी करायचा तर आठवीपासून गणित-विज्ञान सेमी इंग्रजी घ्या, संज्ञा दोन्ही भाषांत द्या. त्यासाठी सहा वर्षांच्या लेकराला कोंडायची गरज नाही. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी विषय आहेच. तो नीट शिकवा, एवढंच मागणं आहे.

मेसेजमधला सगळ्यात वजनदार मुद्दा म्हणजे शेकडो भाषांचा. 2011 च्या जनगणनेत दहा हजारांहून जास्त लोक बोलतात अशा 121 भाषा नोंदल्या आहेत. सगळ्यांत शाळा कशी काढणार? हा प्रश्न खरा आहे, आणि मराठीचा झेंडा घेतलेल्या आमच्यासारख्यांनाही तो टोचतो, टोचायलाच हवा.

माहूरकडच्या एका तांड्यावर मी रुजू झालो तो पहिलाच आठवडा. ‘माझे घर’ असा पाठ. एका पोरीला विचारलं, घरी कोण कोण असतं? ती म्हणाली, ‘याडी.’ गावातून येणारी चार मराठी पोरं खो खो हसली, कारण आमच्याकडं याडी म्हणजे खुळी. गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, याडी म्हणजे आई. ती पोरगी त्यानंतर दिवाळीपर्यंत वर्गात बोलली नाही. मी मराठी माध्यमाचा शिक्षक, मातृभाषेवर भाषणं ठोकणारा, आणि माझ्यासमोर बसलेल्या निम्म्या वर्गाची मातृभाषा मला येत नव्हती. त्या लेकरांना माझी मराठी म्हणजे आजोबांची उर्दूच होती. किनवटच्या गोंडी-कोलामी पाड्यांवर तेच, निलंग्याकडच्या कानडी घरांतही थोड्याफार फरकानं तेच.

मग मी काय केलं? तांड्यातल्या एका आजीला धरून शंभरेक शब्द वहीत उतरवून घेतले. पहिलीचे पहिले काही महिने गोष्ट गोरमाटीत, लिहिणं देवनागरीत, मग हळूहळू मराठी. याला फार पैसा लागला नाही, एक वही लागली. ओडिशानं आदिवासी मुलांसाठी हेच काम सरकारी पातळीवर, 2006 च्या सुमारास दहा भाषांपासून सुरू केलं. राज्यघटनेतलं कलम 350-क अल्पसंख्य भाषिक मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेची सोय करायला सांगतं. शिक्षण हक्क कायद्यात ‘शक्यतो मातृभाषेतून’ असं आहे. 2020 चं राष्ट्रीय धोरण पाचवीपर्यंत, जमलं तर आठवीपर्यंत, घरची भाषा म्हणतं. 121 भाषांत पदवीपर्यंत शिक्षण द्या असं कोणी म्हणत नाही. पहिली दोन-तीन वर्षं लेकराला कळेल असं बोला आणि तिथून पुढच्या भाषेकडं न्या, एवढंच. मेसेज सगळ्यांना इंग्रजी देऊन ‘समान न्याय’ करू पाहतो. तो समान कसा? ज्याच्या घरी इंग्रजी आहे त्याला चाल मिळते, याडी म्हणणाऱ्या पोरीला एकाऐवजी दोन डोंगर चढावे लागतात.

ऊसतोडीच्या लेकरांचा हिशेब तर मेसेजमध्ये कुठंच नाही. दिवाळीच्या आगेमागे बीड-धारूरहून कोयते, म्हणजे तोडणी मजुरांच्या जोड्या, निघतात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, ते पाडव्याच्या सुमारास परततात. मधल्या महिन्यांत लेकरू एका राज्याच्या शाळेतून निघून दुसऱ्या भाषेच्या फडात पडतं. त्यांना हंगामी वसतिगृहात आजीच्या भरवशावर ठेवणं हाच त्यातल्या त्यात बरा उपाय. तिथं पहिला प्रश्न माध्यमाचा नसतो, जेवण कोण करून घालणार हा असतो.

सिंगापूर. एक शहर म्हणजे एक देश. तिथं 1987 पासून सगळ्या शाळा इंग्रजीत आहेत, खरं आहे. पण मँडरिन, मलय, तमिळ यांपैकी घरची भाषा तिथं सक्तीनं शिकावी लागते, हे मेसेजात गाळलंय. शेजारच्या मलेशियानं 2003 मध्ये गणित-विज्ञान इंग्रजीत नेलं आणि 2012 पासून परत मलयकडं वळवायला सुरुवात केली. उलट बाजूचंही सांगतो, लपवत नाही: फिलिपाइन्सनं तिसरीपर्यंत मातृभाषा सक्तीची केली होती, ती सक्ती 2024 मध्ये काढली. भाषा ठरवल्या, पण पुस्तकं आणि शिक्षक त्या वेगानं पोचले नाहीत. मातृभाषेचा नुसता जीआर काढून लेकरू शिकत नाही, हे मी त्यातून घेतो.

पुढाऱ्यांच्या पोरांबद्दल मेसेजशी माझं शंभर टक्के जमतं. मराठी शाळा वाचवा म्हणणाऱ्या किती जणांची नातवंडं मराठी शाळेत आहेत, विचारा. बापाला शाळा निवडायचा हक्क आहेच, सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये कर्नाटकच्या खटल्यात तसं स्पष्ट केलंय. मी कुणाचा हात धरत नाही.

राहिला ओस पडलेल्या शाळांचा ‘निकाल’. माझ्या शेवटच्या शाळेत चार वर्ग आणि दोन शिक्षक. त्यातला एक महिन्यातले कितीतरी दिवस मतदार यादी, ऑनलाइन माहिती, बैठका यांत. जूनमध्ये पहिलीसाठी लेकरं मागत मी घरोघर फिरत होतो. एका घरी माय चुलीपुढनं उठली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, ‘गुरुजी, मराठीचं मला काय वावडं न्हाई. तुमच्या शाळंत रोज पहिलीला मास्तर आसतो का, तेवढं खरं सांगा. त्या व्हॅनवाल्या शाळंत आसतो.’

मी बाहेर उभ्या व्हॅनकडं बघितलं. पिवळी होती, मागं मोठ्या अक्षरांत शाळेचं नाव. रोज असतो, असं मला सांगता आलं नाही.